पायाळूच्या पाठीत सिमेंट

माय, मला आज तुझ्याशी भांडायचं आहे, आणि भांडण तुझ्या पाठीवरून आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता घरात तुझा विषय निघाला तर सगळे कौतुकच करतात, भांडत कुणी नाही. मी मात्र बाजेवर पडल्यापासून रोज मनातल्या मनात तुझ्याशी भांडते आहे. खुर्चीत बसून लिहायला आत्ता कुठं जमायला लागलं. पाठीशी उशी आहे, फार वेळ बसायचं नाही अशी ताकीद आहे, आणि तुझे जावई दर थोड्या वेळानं दारातून डोकावून 'झालं का?' विचारतात, त्यामुळं हे भांडण तुकड्यातुकड्यानं होणार. अंगणवाडीची रजिस्टरं भरण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, तेव्हा लिहिण्याचा कंटाळा नाही. फक्त त्या रजिस्टरात कुणावर चिडायला रकाना नव्हता.

आधी काय झालं ते सांगते. भाचीच्या साखरपुड्याला टेंभुर्णीला गेले होते. येताना जालन्याची एस.टी. मिळाली ती गच्च भरलेली, आणि जागा मिळाली ती सगळ्यात मागच्या लांब सीटवर. त्या सीटवर तू कधी बसायची नाहीस, त्यापेक्षा उभी राहायचीस. मी बसले. गाव सुटल्यावर एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की मी सीटवरून वर उडाले आणि धप्पकन खाली आले. पाठीत, कमरेच्या जरा वर, कट् असं काहीतरी झालं. आवाज कानांनी ऐकला की नुसता जाणवला ते आजही सांगता येत नाही. श्वास अडकला. कंडक्टर मागं वळून म्हणाला, "मावशी, दांडी धरून बसत जावा ना." म्हणजे चूक माझीच. आणि मी काय म्हणाले? "काही न्हाई, काही न्हाई." मणका मोडला होता आणि मी कंडक्टरची समजूत घालत होते. हे माझ्यात कुठून आलं, त्यावरूनच तर मला भांडायचं आहे.

जालन्याहून कुंभार पिंपळगावपर्यंत जीपमध्ये कशी आले ते विचारू नकोस. घरी आले ती सरळ बाजेवर. थोरल्या जाऊबाईंनी उभ्या उभ्या एका नजरेत निदान केलं. "उसण भरली. दुसरं काही न्हाई." झालं, मग घरात जो वाद सुरू झाला त्याला मी एरवी पोट धरून हसले असते. वाद असा, की आजवर सगळ्या गावाची उसण काढणारी मी, मग माझी उसण कुणी काढायची? पायाळूला पायाळूचा पाय लागू पडतो का? चुलतसासूबाई म्हणाल्या, "बिलकुल न्हाई. दोन्ही गुण एकमेकाला काटत्यात." जाऊबाई म्हणाल्या, "काऊन न्हाई? पाय त्याचा, पाठ हिची. बराबर लागतो." दोघी माझ्या अंगावरून एकमेकींशी बोलत होत्या आणि मी छताकडं बघत पडले होते. दवाखाना हा शब्द त्या सबंध चर्चेत एकदाही आला नाही, माझ्या तोंडूनसुद्धा नाही.

कसा येणार? तूच मला तसं वाढवलंस. मी पोटातून डोक्यानं न येता पायांनी आले, सुईण घाबरली, तू मरता मरता वाचलीस, आणि त्या सगळ्या जिवावरच्या प्रकारातून तू एवढंच उचललंस की आपली लेक पायाळू आहे. पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण जाते, ह्या एका समजुतीवर तू माझं सगळं लहानपण चालवलंस. सकाळी तू चुलीपाशी भाकरी थापत असायचीस आणि ओसरीवर कुणी ना कुणी कमरेवर हात देऊन बसलेलं असायचं. भाकरी तव्यावर टाकून तू उठायचीस, माझे पाय घासून धुवायचीस, पदरानं पुसायचीस, आणि मला त्या माणसाच्या पाठीमागं नेऊन उभी करायचीस. उजवा तळवा तीनदा टेकवायचा, लाथ मारायची नाही, काही घ्यायचं नाही, सुपारीसुद्धा नाही. आभाळ गडगडलं की घरात कोंडायचीस, पायाळूवर वीज पडते म्हणून. एकदा एका लठ्ठ बाईच्या पाठीवर पाय ठेवताना मला गुदगुल्या झाल्या आणि मी फिस्सकन हसले. बाई गेल्यावर तू पीठ लागलेल्या हातानं माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की पोलक्यावर पाच बोटं उठली. "लोकाच्या दुखण्यावर हासतीस? तुझ्याकडं आस लावून येत्यात ती!"

तो धपाटा मी विसरले असते. पण दुसरी एक गोष्ट विसरले नाही. चिंचेवरून पडून माझा गुडघा फुटला होता, मी भोकाड पसरलं होतं, आणि तू हळद भरता भरता म्हणालीस, "पायाळू पोरीनं रडायचं न्हाई. तूच रडाया लागली तं लोकांनी कुणाकडं पाह्यचं?" मी सहा-सात वर्षांची असेन. गप्प बसले. तू लगेच "शानी माझी बाय" म्हणून गूळ दिलास. मला आजही तो गूळ आठवला की राग येतो, माय. गप्प बसण्याला एवढं गोड करायला नको होतंस.

तर अखेर जाऊबाईंचं म्हणणं चाललं आणि शेजारच्या गावचा एक पायाळू गृहस्थ मोटारसायकलवर बसवून आणला. चांगला आडदांड. आपली रीत नुसता तळवा टेकवायची, ह्यानं टाच हाणली. पहिल्या टाचेला मी दात आवळले, दुसरीला डोळ्यांपुढं काजवे चमकले, तिसरी मला आठवत नाही. "कसं वाटून राह्यलं?" त्यानं विचारलं. "बरं वाटून राह्यलं," मी म्हणाले. माणूस इतक्या लांबून आलाय, त्याला वाईट वाटू नये! तो चहा घेऊन समाधानानं गेला आणि त्या दिवसापासून मला बसून जेवता येईना. गावातल्या डॉक्टरनं सुई दिली, पट्टा दिला, "वयाचं आहे" म्हणाला. पट्टा बांधून मी भिंत धरून मोरीपर्यंत जायची. कुशीवर वळायचं म्हणजे आधी मनाची तयारी, मग दातांची. आठवडे गेले. मुलगा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत आहे, त्याला फोनवर कुणी काही सांगितलं नाही, मीच सांगू दिलं नाही. तो एका रविवारी आला, मला भिंतीशी तसं उभं बघितलं, काय काय झालं ते ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या मोठ्यांवर ओरडला. "पाठीवर लाथा मारल्या? अन तू मारू दिल्या?" त्यानं गाडीत गादी टाकली आणि मला आडवी करून आधी जालन्याला, तिथून औरंगाबादला नेली.

औरंगाबादचा डॉक्टर माझ्या मुलाहूनही लहान दिसणारा. त्यानं आधी अंगठ्यानं माझा एकेक मणका दाबत दाबत आणला आणि एका ठिकाणी मी किंचाळले. मग फोटो, मग त्या बोगद्यात घालून खडखड आवाज करतात ती तपासणी. ती बघून तो म्हणाला, मणका दबलाय, आणि दुखणं ताजं आहे, हाड अजून जुळलेलं नाही. टेबलावरची काडेपेटी घेतली, तिची एक बाजू अंगठ्यानं चेपली आणि मला दाखवली. पुढून चेपलेली, मागून धड. "असा झालाय. लवकर केलं तर बराच वर उचलता येतो. अजून दिवस घालवले तर असाच वाकडा जुळेल, आणि मग तुम्ही वाकलेल्याच राहाल." मग सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, "तुमच्या आईंची पाठ वाकलेली होती का हो?"

मी म्हटलं, "होती. वयानं वाकली होती."

"वयानं कुणी वाकत नसतं, मावशी. मणके असे दबत जातात, म्हणून माणूस वाकतो. त्या कधी पडल्या होत्या का?"

माय, मी त्या खोलीत मुलाच्या हाताला धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढून ती खोलीच गेली. जालना नवा जिल्हा झाला त्याच्या पुढचा उन्हाळा. तू धाब्यावर कुरड्या वाळत घालून शिडीनं उतरते आहेस. खालची पायरी आली असं समजून पाय सोडतेस आणि सरळ बुडावर जमिनीवर आदळतेस. हे मला शेजारणीनं सांगितलं, मी तिथं नव्हते. मी इथं, सासरी. निरोप आला तसं सासूबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणाल्या, "चल, मी बी येते. इहीनबाईला पाहून येऊ." त्या माझ्याबरोबर माहेरी यायला निघाल्या, हेच नवल होतं. माझं सासरी कसं चाललं होतं ते तुला ठाऊक होतं. मॅट्रिक झालेली सून म्हणजे रानात कुचकामाची, रंगानं सावळी, अंगावर सोनं बेताचं. दोन्ही जावांपुढं माझं पान उणंच. आत्याबाईंना माझ्यात मिरवण्यासारखं एकच सापडलं होतं, ते म्हणजे माझा पाय. गावात कुणाची पाठ धरली की त्या ओट्यावरून हाक द्यायच्या, "आमच्या धाकटीकडं आना." तेवढ्यापुरती मी आमची धाकटी व्हायची.

आम्ही पोचलो तेव्हा तू भिंतीकडं तोंड करून कुशीवर पडली होतीस. ओठ पांढरे. ओसरीवर शेजारच्या बायका. "लेक आली, लेक आली, आता काय चिंता!" आत्याबाई बाजेवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "लाव गं पाय. पाहू दे मलाबी." तू मान वळवून एकदा माझ्याकडं पाहिलंस, एकदा त्यांच्याकडं. तेव्हा मला त्या बघण्यात काही दिसलं नाही. मी तीनदा तळवा टेकवला. आणि तू उठलीस. हातांवर जोर दिलास, मग गुडघ्यांवर आलीस, मग भिंत धरून उभी राहिलीस. "गेली बगा, इहीनबाई. लेकीच्या पायानं गेली." बायकांनी तोंडाला पदर लावले. आत्याबाईंनी सगळ्यांकडं असं पाहिलं की जणू मला त्यांनीच जन्म दिला होता. आणि तू चुलीपाशी वाकलीस, फुंकणीनं जाळ केलास, विहिणीसाठी चहा टाकलास.

ते मी आजपर्यंत माझं मोठं यश समजत होते. मोडलेल्या मणक्यानं माणूस काय करू शकतं आणि काय नाही, हे मला आता अंगानं कळलंय. मी पडून होते त्या दिवसांत नणंद आली होती, तिच्यासाठी चहा टाकावा म्हणून मी उठायला गेले. आमचा तर गॅस आहे, उभ्यानं पेटतो, वाकावं लागत नाही. ओट्याला दोन्ही हातांनी लोंबकळले, कपबशी फुटली, आणि नणंदेनं मला उचलून परत बाजेवर ठेवलं. मग तू चुलीपाशी कशी वाकलीस? तुझी उसण नव्हती, तुझा मणका होता. माझ्या पायानं काही एक गेलं नव्हतं. तू खोटं बोललीस, माय. आणि ते खोटं शेवटपर्यंत चालवलंस.

माझा राग तुला कळावा म्हणून सांगते. हे ऑपरेशन त्या वेळी नव्हतं, मला माहीत आहे. जालन्याला नव्हतं, औरंगाबादलाही नव्हतं, त्यावरून मी भांडत नाही. पण पडून राहायला कुठं यंत्र लागतं? चार लोकांत "मला दुखतंय" म्हटलं असतंस, तर तुला महिना-दोन महिने कुणी हंडा उचलू दिला नसता. तू दुसऱ्याच दिवशी पाणी भरलंस. पुढं वर्षाला बोटबोट वाकत गेलीस आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो, वय झालं. शेवटी शेवटी तर तू समोरच्या माणसाच्या पायांवरूनच त्याला ओळखायचीस. मी दारात आले की खालूनच म्हणायचीस, "आली का गं? चप्पल नवी घेतली वाटतं." माझं तोंड बघायला तुला बाजेवर उताणं व्हावं लागायचं. आणि ह्याचं लोकांनी काय करून ठेवलंय माहीत आहे? ऑपरेशनचं ठरत होतं तेव्हा जाऊबाई मलाच सुनावत होत्या, "तुझी माय पाह्य. कमरंत वाकली पर मरोस्तोर झाडलोट केली. कधी दवाखान्याची पायरी चढली न्हाई. अन तू पाठीत सिमेंट घालून घ्यायला निघाली." तू सोसलंस, त्याचं माप माझ्या पाठीला लावत होते सगळे. आणि माझ्याही मनात येतच होतं की मायनं काढलं तर आपणही काढू. एका रात्रीत मी दोनदा हो म्हटलं आणि दोनदा नाही. शेवटी ती चेपलेली काडेपेटी डोळ्यांपुढून हलेना, म्हणून हो म्हटलं.

सिमेंट हा शब्द ऐकून घाबरू नकोस. तुला आयुष्यात कुणी काही समजावून सांगितलं नाही, म्हणून मला सांगितलं ते तुला सांगते. आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही, पाणीसुद्धा नाही. रक्ताच्या, साखरेच्या तपासण्या आधीच. टेबलावर पालथं झोपायचं, छातीखाली आणि पोटाखाली उशा. पूर्ण भूल देत नाहीत सगळ्यांना, मला दिली नाही. गुंगी येईल एवढं शिरेतून आणि पाठ बधिर करायला सुया. डोक्यावर एक वाकडं यंत्र फिरत असतं, त्यात डॉक्टरला आपलं हाड पडद्यावर हलतं दिसतं. पाठ कापत नाहीत, दोन छिद्रं पाडतात, मणक्याच्या दोन्ही अंगांना एकेक. त्यातून नळी आत, नळीतून चपटा फुगा आत. फुगा फुगवला की दबलेलं हाड आतून उचललं जातं, फुगा काढून घेतला की पोकळी राहते, आणि त्या पोकळीत ते सिमेंट, दात घासायच्या पेस्टसारखं घट्ट, हळूहळू सोडतात. थोड्या वेळात ते दगड होतं. टाकाही नाही, नुसती पट्टी. संध्याकाळी चालायचं, दुसऱ्या दिवशी घरी. धोकेही त्यानं सांगितले, लपवले नाहीत. सिमेंट बाजूला पाझरू शकतं, नसेला लागू शकतं, छातीत जाऊ शकतं, क्वचित. आणि गेलेली उंची सगळी परत येईल असं नाही. "एकदम छोटं ऑपरेशन आहे," असं म्हणून तो हसला. कुणाला छोटं, असं मी विचारणार होते.

जाऊबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, "सिमेंट म्हंजी घराचंच का? मंग रोज पाणी मारावं लागंल की." त्या दिवसांत मी एकदाच हसले, ते ह्यावर, आणि त्याची शिक्षा पाठीनं लगेच दिली.

पण डॉक्टरनं एक गोष्ट दोनदा सांगितली. "मावशी, तुम्ही जाग्या राहाल ते माझ्या कामासाठी. सिमेंट सोडताना पायात कळ आली, आग झाली, मुंग्या आल्या, तर त्याच क्षणी बोलायचं. सोसायचं नाही. आणि आई गं म्हणू नका, ते सगळेच म्हणतात, त्यावरून मला काही कळत नाही. कुठला पाय, काय होतंय, ते सांगा." मी मान हलवली. मुलगा म्हणाला, "ती न्हाई सांगणार, डॉक्टर. तुम्हीच विचारत राहा." पोटच्या पोराला माझ्याबद्दल एवढं नेमकं माहीत आहे, ह्याचा मला तेव्हा राग आला.

आणि नेमकं तेच झालं. फुग्यापर्यंत काही नव्हतं, नुसतं कुणीतरी पाठीवर बसल्यासारखा दाब. मग सिमेंट सुरू झालं, डॉक्टर मधून मधून "ठीक आहे ना?" विचारत होता, आणि एकाएकी कमरेतून डाव्या पायात, पार पोटरीपर्यंत, आगीची रेघ उतरली. मी तोंड मिटलं. कळतंय ना तुला? बोल म्हणून दोनदा बजावलेलं असताना, पाय जाईल हे माहीत असताना, मी तोंड मिटलं आणि उशीचं कापड दातांत धरलं. पायाळू पोरीनं रडायचं नाही. तुझा आवाज, हळदीचा वास, सगळं त्या टेबलावर. किती वेळ गेला कोण जाणे. मग मला इतका संताप आला, तुझा, गुळाचा, त्या टाच हाणणाऱ्याचा, कंडक्टरचा, की मी जीव खाऊन ओरडले, "डावा पाय! डाव्या पायात आग होऊन राह्यली! थांबवा!" शेजारची सिस्टर दचकली, तिच्या हातातलं काहीतरी खाली पडलं. डॉक्टर म्हणाला, "थांबलो." खरंच थांबला. पडद्यावर बघितलं, वाट बघितली, आग हळूहळू कोमट झाली. "तिकडं सरकायला लागलं होतं, आता धरलंय. बरं झालं बोललात." उरलेलं त्यानं दुसऱ्या छिद्रातून बेतानं भरलं. नंतर त्यानं मुलाला सांगितलेलं मी ऐकलं, की आणखी गेलं असतं तर पाऊल लुळं पडू शकलं असतं.

मला उताणी करून खोलीत आणलं तेव्हा मी रडत होते. सगळ्यांना वाटलं दुखतंय म्हणून. दुखत नव्हतं. ते जुनं, कूस बदलताना फाडणारं दुखणं नव्हतंच. संध्याकाळी सिस्टरनं उठवलं आणि मी लांबच लांब बोळातून चालत गेले, मुलगा मागं मागं. भिंत धरली नाही. सुया गेल्या होत्या तिथं ठणकत होतं. सिस्टरनं विचारलं तर म्हटलं, दुखतंय. तिनं गोळी दिली, पाणी दिलं आणि पुढच्या खाटेकडं गेली. एवढंच असतं ते, माय. कुणी हसत नाही, कुणी कमी लेखत नाही. माणूस दुखतंय म्हणतं, दुसरं माणूस गोळी देतं.

आता घरी आहे. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, हाडांचं औषध चालू ठेवायचं, कारण बाकीचे मणकेही त्याच मातीचे आहेत, कधीही दबू शकतात. पूर्वीपेक्षा थोडी बुटकी झाले आहे, फडताळाच्या वरच्या फळीला हात लागता लागता राहतो. पण सरळ उभी आहे. बाया बघायला येतात, पदर बाजूला करून दोन ठिपके बघतात आणि म्हणतात, एवढंच? मलाही दर वेळी तेच वाटतं आणि दर वेळी चीड येते. तुझ्या बाजूनं एवढंसुद्धा कुणी लढलं नाही, आणि लढायला जागा तूच ठेवली नाहीस. एका शब्दात विषय मिटवलास, गेली बगा.

हे कागद कुणाला दाखवण्यासारखे नाहीत. तुझ्या जावयांनी विचारलं तर अंगणवाडीचं जुनं काहीतरी म्हणून सांगेन. शेवटी तुला ठणकावून लिहायचं होतं की मला असलं नाव नको होतं, विहिणीपुढं माझी पत राखायला तू तुझी पाठ द्यायची काही गरज नव्हती, मला सरळ पाठीची माय हवी होती. तसं लिहिलंही, आणि आता बघते तर ते पुरतं खरं नाही. तुझा चहा पिऊन आम्ही त्याच दिवशी परतलो. बसमध्ये आत्याबाई चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होत्या, "ही आमची धाकटी. सख्ख्या मायची उसण काढली आत्ता हिनं." बाया वाकून माझ्या पायांकडं बघत होत्या. मी पाय सीटखाली घेतले नाहीत, माय. लुगडं जरा वर ओढून पुढं काढून बसले होते.